बेस वाजवणाऱ्याचा शब्द

गेल्या नोव्हेंबरात आमच्या तरुणांच्या बायबल वर्गात पंधरावे स्तोत्र धड्याला होते. देवाच्या डोंगरावर राहण्यास कोण योग्य, असा प्रश्न त्या स्तोत्राच्या आरंभी विचारला आहे. उत्तरादाखल जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत एक असे की, असा मनुष्य बोललेला शब्द पुढे तोटा होतो असे दिसले तरी फिरवीत नाही. वर्ग सुटला, मुले गेली आणि एक मुलगा मागे राहिला. तो आमच्या बेळगावच्या मंडळीत उपासनेला बेस गिटार वाजवतो, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि एका बँडबरोबर लग्नसमारंभांत वाजवून थोडे पैसेही मिळवतो. त्याने विचारले, "सर, शब्द फुकट दिलेला असला तरी तो शब्दच धरायचा का?"

त्याची अडचण अशी होती. २४ डिसेंबरच्या रात्रीच्या गायनाच्या उपासनेत वाजवीन असे त्याने ऑक्टोबरातच गायनमंडळाला सांगितले होते. त्यानंतर गोव्याच्या एका हॉटेलात त्याच रात्री वाजवण्याचे बोलावणे आले, आणि एका रात्रीचे जे पैसे कबूल झाले त्यांत त्याची जानेवारीची परीक्षा फी भरून वर काही उरले असते. मंडळीकडून त्याला चहा व बिस्किटे मिळणार होती.

मी त्याला त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी या, म्हणालो. कारण हा प्रश्न मला एकदा फार महागात पडला आहे, आणि त्याची किंमत मी स्वतः भरली नव्हती.

ज्यांना ह्या वाद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. बेस गिटारला बहुधा चारच तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे तिचा स्वर पुरुषाच्या खर्जाच्याही बराच खाली. हे वाद्य फार जुने नाही. अमेरिकेत फेंडर कंपनीने आपले प्रिसिजन बेस हे १९५१ साली बाजारात आणले तेव्हापासून ते सर्वत्र पसरले. त्यापूर्वी हे काम उभ्या, माणसाएवढ्या मोठ्या बेसवर होत असे. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना बेस वेगळा ऐकू येतो. गाणारी बहीण सुरेल वाटते, ड्रमचा ठेका पक्का वाटतो, पाय आपोआप हलू लागतात, आणि हे सर्व कोणामुळे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. घराच्या पायाकडे पाहून कोणी घराची स्तुती करीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

ह्यामुळे असे होते की, गिटार शिकणाऱ्या दहा मुलांपैकी नऊ जणांना पुढे उभे राहून वाजवायचे असते. बेस वाजवणारे थोडे आणि बँड पुष्कळ. चांगला बेस वाजवणारा म्हटला की तो दोन-तीन बँडांत असायचाच, आणि नाताळ जवळ आला की त्याचा फोन वाजायला लागतो. गोव्यातील कॅथलिक लग्नांत अजूनही बँडला मान आहे. लेंटच्या दिवसांत लग्ने बहुधा होत नाहीत, म्हणून नाताळानंतरचे आठवडे आणि ईस्टरपासून पावसाळ्यापर्यंतचे दिवस ह्यांतच वर्षाची कमाई साधावी लागते. आमच्या भागात अशा ठरलेल्या कार्यक्रमाला सुपारी म्हणतात. (वर्तमानपत्रांनी ह्या शब्दाला भलताच वास लावून ठेवला आहे, पण तमाशावाले, बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले तो साध्या अर्थानेच वापरतात.) सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. एका तारखेला दोन सुपाऱ्या आल्या की मोह सुरू झाला.

१९८७ साली मी बावीस वर्षांचा होतो. आम्ही चौघे मित्र मिळून वाजवीत असू. खानापूरच्या बाजूला एका लग्नाची सुपारी आम्ही घेतली होती, २९ डिसेंबरची. मुलीचे वडील साधे नोकरदार, पैसे थोडेच ठरले होते. पंधरा दिवस आधी गोव्यातील एका मोठ्या बँडकडून निरोप आला की त्यांचा बेस वाजवणारा आजारी आहे, नाताळापासून नव्या वर्षापर्यंत यावे, पैसे रोजचे तिप्पट. मी मित्रांना ताप आल्याचे कळवले आणि माझ्या जागी एका मुलाला पाठवले. तो माझ्याकडे सहा महिने शिकत होता. सतरा वर्षांचा असेल. त्याला मी माझे जुने वाद्य दिले, गाण्यांची यादी दिली, "घाबरू नकोस, सोपे आहे," असे सांगितले आणि लोंढ्यावरून मीटर गेजच्या गाडीने निघून गेलो.

लग्नात काही गोंधळ झाला नाही. कोणी ओरडले नाही, कोणी पैसे कापले नाहीत. आमच्या ड्रम वाजवणाऱ्याने मला नंतर एवढेच सांगितले की, लोक नाचायला उठले होते ते एकेक करून खुर्च्यांवर जाऊन बसले, आणि का बसले हे त्यांनाही कळले नसावे. गाणाऱ्याने आयत्या वेळी आपल्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलली होती, आणि त्या मुलाला दुसऱ्या पट्टीत वाजवता येत नव्हते. तिसऱ्या गाण्यानंतर त्याने आवाज पूर्ण बंद करून नुसती बोटे हलवली. चार तास. तो परत आला, वाद्य माझ्या आईजवळ देऊन गेला, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याने पुन्हा कधी वाद्य हातात घेतले नाही. मी गोव्याहून पैसे घेऊन आलो होतो.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. दिलेला शब्द पाळावा एवढेच शास्त्र सांगते, असे आपण मुलांना शिकवतो. पण ते पुरेसे नाही. शास्त्यांच्या अकराव्या अध्यायात इफ्ताह नवस बोलला आणि त्याने तो पाळलाही. मार्काच्या सहाव्या अध्यायात हेरोदाने पाहुण्यांसमोर शपथ घेतली, तोही आपल्या शब्दाला जागला. ह्या दोघांची उदाहरणे घ्या असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. मग फरक कोठे आहे? मला वाटते, स्तोत्रकर्त्याने तोटा कोणाचा हे सांगितले आहे तेथेच तो आहे. तो स्वतःच्या तोट्याविषयी बोलतो. इफ्ताहाच्या शब्दाची किंमत त्याच्या मुलीने भरली, हेरोदाच्या शब्दाची बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने. आणि मी तर शब्द मोडला होता, तरी किंमत दुसऱ्यानेच भरली. म्हणजे शब्द पाळणारा असो की मोडणारा, प्रथम हे पाहिले पाहिजे की बिल कोणाच्या दारी जात आहे.

हे एवढे सरळ असते तर बरे झाले असते. पण ज्याला आपण स्वतःचा तोटा म्हणतो तो क्वचितच आपल्या एकट्याचा असतो. त्या मुलाने गोवा सोडले तर फीचे पैसे कोण उभे करणार? त्याची आई. ती एका दवाखान्यात काम करते. स्तोत्रातल्या त्या मनुष्याच्या घरी बायकामुले होती की नाही हे स्तोत्र सांगत नाही.

बदली माणूस पाठवला की शब्द पाळला गेला, असेही पुष्कळजण समजतात. धंद्यात बदली पाठवण्याची रीत आहे आणि ती वाईट नाही. माणूस आजारी पडतो, घरात मृत्यू होतो. पण माझ्या मते त्यात दोन गोष्टी लागतात. ज्याला शब्द दिला त्याला खरे कारण सांगून त्याची मोकळीक घ्यावी. शब्द त्याच्या हाती दिला आहे, सोडण्याचा अधिकारही त्याचाच. आणि बदली माणसाला काम झेपेल अशी तयारी करून द्यावी: गाण्यांची यादी, प्रत्येकाची पट्टी, शेवट कसा करायचा, आणि निदान एक प्रॅक्टिस. मी ह्यांतले काहीच केले नव्हते. माझ्या मित्रांनी कदाचित मला सोडलेही असते. मी विचारलेच नाही, कारण नकाराची भीती होती.

दुसऱ्या रविवारी तो मुलगा आला तेव्हा मी त्याला ही हकीकत सांगितली, आणि मग आम्ही बराच वेळ त्याच्या पिशवीविषयीच बोललो. वाचकांस हे विचित्र वाटेल. पण येईन म्हणणे आणि येऊन वाजवता येणे ह्यांत पुष्कळ अंतर आहे, आणि ते अंतर बहुधा दोनशे रुपयांच्या वस्तूने भरते. पिशवीत दुसरी केबल हवी, तारांचा एक संच, अँपचे फ्यूज हवेत. गिटारमध्ये बॅटरीवर चालणारी योजना असेल तर नऊ व्होल्टची नवी बॅटरी, आणि वाजवून झाल्यावर केबलची पिन काढून ठेवण्याची सवय, कारण पिन आत राहिली की बॅटरी उतरत राहते. अँप आणि स्पीकर ह्यांच्यामध्ये गिटारची बारीक केबल लावू नये, तिला जाड वायर लागते. आठ ओहमचे दोन स्पीकर नेहमीच्या पद्धतीने एकत्र जोडले की अँपवर चार ओहमचा भार पडतो. अँपला तेवढा चालतो की नाही हे मागे लिहिलेले असते, ते आधी वाचावे. मांडवात तर अर्थिंग प्रथम तपासावे. तारांवर हात आणि ओठ माइकला अशा स्थितीत बसलेला धक्का जीवही घेऊ शकतो, म्हणून प्लगची तिसरी पिन कोणी तोडली असेल तर तेथे वाजवू नये, मग सुपारी कितीही मोठी असो. येथे नाही म्हणणे हा शब्द मोडणे नव्हे.

आणि आवाजाविषयी. खालचे स्वर कोपऱ्यात आणि भिंतींजवळ फुगतात, ठिकठिकाणी कमीजास्त ऐकू येतात. दगडी देवळात तर ते घुमत राहतात. वाजवणाऱ्याला आपला आवाज कमी वाटतो आणि मागच्या बाकावरची आजीबाई कानावर हात ठेवते. तेव्हा प्रॅक्टिसच्या वेळी कोणाला तरी वाजवायला सांगून स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसावे.

त्याने मला एक नवे पाच तारांचे वाद्य दाखवले, फोनवर, चित्र. हप्त्यांनी घेण्याचा विचार होता. मी त्याला डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनविषयी सांगितले. मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांत बेस त्याचा आहे. १९६२ सालचे एक वाद्य त्याने कितीतरी वर्षे वापरले, आणि त्याच्या ताराही तो सहसा बदलीत नसे. १९७१ साली मार्विन गे ह्याच्या एका रेकॉर्डवर वादकांची नावे छापली गेली, तोवर ऐकणाऱ्या जगाला त्याचे नाव जवळजवळ ठाऊकच नव्हते. तारा बदलू नयेत असे मी म्हणत नाही, आणि नवे वाद्य घेणे पाप आहे असेही नाही. पण हप्ता लागला की प्रत्येक तारीख विकाऊ होते, आणि फोन वाजला की होय म्हणावेसे वाटते, हे मी पाहिले आहे.

येथवर मी वाजवणाऱ्याविषयी लिहिले. आता मंडळीविषयी थोडे लिहितो, मग कोणी रागावले तरी चालेल. आमच्या कमिटीत ह्या मुलाच्या प्रश्नाची कुणकुण लागताच दोन वडीलधाऱ्यांनी म्हटले की, आजच्या पोरांना देवापेक्षा पैसा मोठा. त्याच कमिटीने गेली तीन वर्षे त्याचा अँप रिक्षाने आणण्याचे भाडे दिलेले नाही. ते तो स्वतः देतो. शेजारच्या मांडवातून आणलेल्या लाउडस्पीकरवाल्याला मात्र आपण पावती घेऊन पैसे मोजतो. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे हे प्रभूने सत्तर शिष्यांना पाठवताना सांगितले, आणि पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात आपला हक्क आधी पुरता सिद्ध केला व मग तो सोडून दिला. हक्क सोडण्याचा मान पौलाचा होता. करिंथच्या मंडळीने तो परस्पर सोडून टाकला असता तर त्याला उदारपणा म्हणता आले नसते. फुकट दिलेला शब्द हा शब्दच, हे मी मानतो. पण आपण तो फुकट मिळाला म्हणून हलका धरला, हेही तितकेच खरे आहे.

तो मुलगा गोव्याला गेला नाही. मी त्याला जा किंवा जाऊ नको असे सांगितले नव्हते. त्याने गायनमंडळाच्या बाईंना विचारले, "मला मोकळे कराल का?" त्या म्हणाल्या, दुसरा कोणी नाही रे बाळा. तेव्हा त्याने हॉटेलवाल्यांना नाही कळवले. २४ तारखेला तो संध्याकाळी सहालाच येऊन अर्थिंग तपासत बसला होता. उपासना चांगली झाली. बेसविषयी कोणी काही बोलले नाही.

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर त्याची आई मला फाटकाजवळ भेटली. म्हणाली, "सर, तुम्ही तुमच्या वेळी गोव्याला जाऊन आलात, आणि माझ्या पोराला स्तोत्र शिकवलंत." मी काही बोललो नाही. फी भरण्याची शेवटची तारीख १७ जानेवारी होती. ती तिने कशी भरली हे मला माहीत नाही. रिक्षाभाड्याविषयी आणि वादकांच्या मानधनाविषयी मी कमिटीला लेखी पत्र दिले आहे. ते पुढच्या बैठकीत घेऊ, असे चिटणीसांनी कळवले आहे.