फिटलेलं कर्ज, राहिलेलं ऋण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गेल्या गुरुवारी बैठक संपल्यावर एका गुरुबंधूने विचारलं, "सिबिल खराब झालाय, बँक कर्ज देत नाही. यावर काही उपासना आहे का?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. हा प्रश्न माझ्या घरातला आहे, म्हणून आज तो सर्वांपुढे मांडतो.

मी डिचोलीचा. खाणी जोरात होत्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतला. दिवसभर खनिज भरून सारमानसच्या धक्क्यावर खेपा. कर्जाला जामीन राहिले पेडण्याचे माझे भावोजी. त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही, सरळ सही केली. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. मध्ये काही काळ काम सुरू झालं, तोवर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. आमच्या तालुक्यात किती दारांत असे ट्रक गंजले, ते तुम्ही पाहिलंच आहे.

शेवटी बँकेने एकरकमी तडजोड केली. व्याज सोडलं, मुद्दलातलंही थोडं सोडलं. बायकोच्या पाटल्या मोडून मी पैसे भरले, घरी सत्यनारायण घातला. सुटलो, असं वाटलं.

मग मोपाचा विमानतळ आला. जानेवारी 2023 मध्ये विमानं उतरू लागली आणि पेडण्याच्या पोरांना टॅक्सीचा धंदा दिसू लागला. माझा भाचा कर्ज मागायला गेला. त्याच्या नावावर आधी कधी कर्जच नव्हतं, म्हणून बँकेने वडलांना सहकर्जदार घ्यायला सांगितलं. भावोजींचा रिपोर्ट काढला, तर त्यात माझा ट्रक. पुढे शेरा 'सेटल्ड'. कर्ज नामंजूर. रात्री भाच्याचा फोन आला, "मामा, ट्रकाचें रीण फिटलां न्हय?"

मला उत्तर देता आलं नाही.

आधी मी स्वतःची बाजू घेतली. खाणी मी बंद केल्या का? नाही. मग दोष माझा कसा? हे खरंच आहे, आणि ज्यांचा स्कोअर पडला आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तो 300 ते 900 मधला आकडा म्हणजे पापपुण्याचा हिशेब नव्हे. हप्ता चुकला एवढं त्याला कळतं, का चुकला ते कळत नाही. त्या आकड्यासाठी कुणी सत्संगात मान खाली घालून बसू नये.

पण दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. दोष माझा नव्हता, म्हणून भावोजींचं नुकसान माझ्यामुळे झालं नाही, असं होत नाही.

मग मी तुकोबांचा आधार शोधला. त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. मग मीच का कागद कवटाळून बसू? पण कथा नीट आठवली आणि लाज वाटली. तुकोबांनी बुडवली ती लोकांकडून त्यांना येणं असलेली खतं. त्यातही धाकटे बंधू कान्होबांचा वाटा त्यांना देऊन फक्त आपल्या वाट्याची. आपलं येणं सोडणं हे वैराग्य. आपलं देणं सोडणं हे वैराग्य कसं होईल?

बँकेने कमी घ्यायचं कबूल केलं होतं, तिच्याशी माझा व्यवहार कायद्याने संपला. भावोजींनी मात्र काहीच कबूल केलं नव्हतं. तडजोड करताना मी त्यांना विचारलंदेखील नाही. आपल्याकडे कर्जाला रीण म्हणतात, म्हणजे ऋणच. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण मोजतो. जामीन राहणाऱ्याचं ऋण कुठल्याच यादीत नसतं, म्हणून ते विसरायला सोपं.

मी पेडण्याला गेलो, भावोजींना सगळं सांगून हात जोडले. बँकेत जाऊन सोडलेली रक्कम किती होती ते विचारलं आणि ती भरायची तयारी दाखवली. बँकेने भाग पाडून दिले. पूर्ण भरल्यावर नो ड्यूज पत्र मिळेल आणि शेरा 'सेटल्ड'चा 'क्लोज्ड' होईल. जुने चुकलेले हप्ते लगेच पुसले जाणार नाहीत, आकडा हळूहळू चढेल. भाचा सध्या दुसऱ्याची टॅक्सी चालवतो. माझ्याशी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही. तेही वेळ घेईल.

व्यवहाराच्या चार गोष्टी. चारही क्रेडिट माहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, तो बघा. आपण जामीन राहिलेली कर्जंही त्यात दिसतात. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. 'राइट-ऑफ' म्हणजे माफी नव्हे, देणं तसंच राहतं. आणि पैसे घेऊन आठ दिवसांत स्कोअर वाढवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही.

त्या गुरुबंधूला माझं उत्तर एवढंच. उपासना आहे. ठरल्या तारखेला ठरलेला हप्ता, माळेचा मणी ओढावा तसा, एकही न चुकवता. आणि आपल्यासाठी सही करणाऱ्याच्या घरी एकदा जाऊन यायचं. माझे सात हप्ते उरले आहेत.

गुरुचरणी अर्पण.
॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥