मागील पानावरून पुढे

संध्याकाळी लावलेला दिवा पहाटेपर्यंत जळत राहिला, तर पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भदंत नागसेन राजा मिलिंदाला हा प्रश्न विचारतात. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर. ज्योत तीच आहे असे त्याला म्हणवत नाही, आणि प्रत्येक प्रहरी दिवा वेगळा होता असेही म्हणवत नाही. मग नागसेन दुधाचा दाखला देतात. दुधाचे दही होते, दह्याचे लोणी, लोण्याचे तूप. तूप म्हणजे दूध नव्हे, पण दुधावाचून तूप नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला या प्रश्नकर्त्या राजाचेच नाव आहे, आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो.

बदलणाऱ्या गोष्टीला ‘तीच’ कशाच्या आधारावर म्हणायचे, हा प्रश्न संगणकाच्या प्रोग्राममध्येही रोज उभा राहतो.

बेरीज करायची असली की बहुतेक प्रोग्रामर आधी ‘एकूण’ नावाचा एक डबा मांडतात आणि प्रत्येक आकड्यागणिक त्यातली जुनी किंमत पुसून नवी ठेवतात. डबा तोच, आतले बदलते. फंक्शनल प्रोग्रामिंगला हा डबाच मान्य नाही. तिथे काम होते ते ‘रिड्यूस’ने, म्हणजे गोळाबेरजेने. आतापर्यंतचा हिशेब आणि पुढची एक नोंद एवढेच घ्यायचे आणि नवा हिशेब द्यायचा; जुन्याला हात लावायचा नाही. किर्दीत लिहिणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पान भरले की खाली बेरीज मांडायची आणि नव्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून तीच रक्कम उतरवायची. मागच्या पानावरचा आकडा कोणी खोडत नाही. मग वर्षभराचा ‘हिशेब’ नावाची वस्तू नेमकी कुठे असते? कुठल्याही एका पानावर ती नसते. एकातून दुसरे निघालेल्या पानांच्या ओळीला आपण ते नाव देतो.

क्लोजर ही भाषा २००७ मध्ये जगापुढे आणणारे रिच हिकी यांनी २००९ च्या एका व्याख्यानात नेमके हेच मांडले, आणि त्यासाठी आधार घेतला तो आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड या तत्त्ववेत्त्याचा. एडिंबरा इथे दिलेल्या व्याख्यानांतून व्हाइटहेड यांचा ‘प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी’ हा ग्रंथ १९२९ मध्ये तयार झाला. जग वस्तूंचे नव्हे, घटनांचे बनलेले आहे, आणि टिकाऊ वाटणारी वस्तू म्हणजे एकमेकींना जन्म देणाऱ्या घटनांची मालिका, असे त्यांचे म्हणणे. हिकींनी ते प्रोग्रामरच्या भाषेत आणले. किंमत कधीच बदलत नाही. कार्यकारणाने जोडलेल्या किमतींच्या मालिकेला आपण दिलेली ओळख म्हणजे वस्तू.

इथून पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. पदार्थ असा विरघळला, तर निदान प्रक्रिया तरी स्वतंत्रपणे उरते का? दुधावाचून ‘विरजणे’ असू शकते का?

एक छोटे गणित घेऊ. १ ते १० मधले विषम आकडे निवडायचे, त्यांचे वर्ग करायचे, बेरीज करायची. साध्या रीतीने आधी विषम आकड्यांची यादी होते, मग वर्गांची दुसरी यादी, आणि शेवटी १, ९, २५, ४९, ८१ मिळून १६५. मधल्या दोन याद्या कोणालाच नको असतात. त्या केवळ पुढच्या पायरीसाठी जन्मतात. हिकींनी २०१२ मध्ये ‘रिड्यूसर्स’ आणले तेव्हा या मधल्या याद्या गेल्या, पण रूपांतर अजून मूळ संग्रहाला चिकटलेलेच होते. पुढे क्लोजरमध्ये ‘चॅनेल’ही आले. तिथे निरोप एकेक करून येतात, आणि पुढचा कधी येईल हे ठाऊक नसते. निवडणे तेच, बदलणे तेच. तरी यादीसाठी एकदा आणि चॅनेलसाठी पुन्हा एकदा लिहावे लागे.

२०१४ मध्ये हिकींनी ही गाठ सोडवली ती ‘ट्रान्सड्यूसर’ने. सेंट लुईसमधल्या व्याख्यानात त्यांनी विमानतळावरच्या सामानाचे उदाहरण घेतले. हमालांना सांगायचे ते इतकेच: गठ्ठे सोडा, खाण्याचा वास येणाऱ्या बॅगा बाजूला काढा, जड बॅगांना चिठ्ठी लावा. सामान ट्रॉलीवरून आले की पट्ट्यावरून, याचा सूचनेत उल्लेख नाही. मधे कुठे बॅगांचे ढीग रचायचेही नाहीत. हातातली एक बॅग सगळ्या सूचनांतून पार पडते, मग दुसरी.

ट्रान्सड्यूसरला आकडे दिसतच नाहीत. तो हिशेबाची पायरी घेतो आणि सुधारलेली पायरी परत देतो. ‘मिळवा’ ही पायरी ‘वर्ग करा’कडे दिली की ‘वर्ग करून मिळवा’ मिळते. ती ‘विषम निवडा’कडे दिली की ‘विषम असेल तरच वर्ग करून मिळवा’. आता १ आला की तो या सगळ्यातून जातो, मग २ येतो आणि दारातच अडतो, मग ३. मधली यादी बनतच नाही. आकडे कुठून आले आणि बेरीज होणार की नवी यादी, हे त्या दोन रूपांतरांना शेवटपर्यंत कळत नाही. पदार्थ आणि त्याला गोळा करणारा, दोघांपासून सुटी केलेली ही क्रिया आहे, आणि तिला नाव देता येते, दुसऱ्याच्या हाती सोपवता येते. तत्त्वज्ञाने ज्याबद्दल केवळ तर्क लढवावा, ते इथे चालवून पाहता येते.

पण चालवून पाहिले की अडचणीही दिसतात. ‘पहिले तीनच घ्या’ ही सूचना त्या साखळीत वर्ग करण्याच्या पुढे बसवली, तर बेरीज १, १० आणि ३५ अशी चढते आणि तिथेच थांबते. तीन झाले हे कळायला कोणीतरी मोजत असले पाहिजे. म्हणजे या क्रियेला आठवण आहे. ‘तीन-तीनचे गट करा’ ही सूचना १ ते १० वर चालवली की तीन गट पुढे जातात आणि १० एकटा हातात उरतो. म्हणूनच क्लोजरमधल्या या पायरीला तीन रूपे ठेवावी लागली. एक आरंभीच्या शिल्लकेसाठी, दुसरे रोजच्या नोंदीसाठी, तिसरे हिशेब मिटवण्यासाठी. तिसऱ्याला हाक मारली की तो अडकलेला १० बाहेर येतो. ते विसरले, तर कसलीही चूक न दाखवता शेवटचा आकडा हरवतो.

मग ही आठवण कोणाची? सूचनेची म्हणावी, तर तीच ‘पहिले तीन’ सूचना दुसऱ्या यादीवर चालवली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पहिल्या वेळच्या तिनाचा मागमूस नसतो. क्लोजरमध्ये मोजणीची जागा तयार होते ती रूपांतर एखाद्या पायरीला जोडले जाते त्या क्षणी, त्याआधी नाही. आठवण सूचनेतही नाही आणि आकड्यांतही नाही. दोघांची गाठ पडली की ती उपजते.

मिलिंदही अखेर याच जागी येतो. एका जन्मातून दुसऱ्यात काहीच जात नसेल, तर पुनर्जन्म कसा, असे तो विचारतो. नागसेन म्हणतात, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातली ज्योत उठून दुसऱ्यात गेली का? राजा म्हणतो, नाही. दुसरा दिवा मात्र लागलेला असतो.