ममता कीं कर्तव्य ?

मिरचीच्या रोपासारखा क्षुद्र विषय घेऊन धर्माधर्माचा विचार करावयास बसणें हें कित्येक वाचकांस विनोदाचें वाटेल. परंतु ज्या प्रश्नानें गेलें वर्षभर आम्हांस स्वस्थ बसूं दिलें नाहीं, तो आमच्यापुढें आला तो एका कुंडींतूनच. तेव्हां ज्या वाटेनें तो आला त्याच वाटेनें तो वाचकांपुढें मांडणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटतें.

हें रोप आमच्या मातोश्रींनीं लावलेलें. गेल्या आषाढांत त्यांनीं वाळल्या लवंगी मिरचीचें बीं कुंडींत टाकलें, आणि आश्विनांत त्या निवर्तल्या. मार्गशीर्षांत नाशिकची थंडी सुरू झाली तशीं रोपाचीं फुलें गळूं लागलीं, पानें पिवळीं पडलीं. माळी म्हणाला, “उपटून टाका, साहेब. मृगांत दुसरें लावूं.” आम्हीं तें ऐकलें नाहीं. कुंडी उचलून अभ्यासिकेंत दक्षिणेकडील खिडकीशीं ठेवली.

माळ्याचें म्हणणें शेतीच्या दृष्टीनें अगदीं रास्त होतें. शेतकरी मिरचीला हंगामी पीक मानतो. परंतु ही वनस्पति स्वभावतः एका वर्षाची नव्हे. कडाक्याची थंडी नसेल तेथें ती अनेक वर्षें जगते. तिचें मूळ घर अमेरिकेंतील उष्ण प्रदेशांत. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोंचल्यानंतर ती जगाला ठाऊक झाली, आणि सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. मिर्‍याच्या तिखटपणावरून आपण तिला नांव दिलें आणि परकी म्हणून ओळखच विसरलों. सावता माळ्याच्या नांवावर चालत आलेल्या प्रसिद्ध अभंगांतही मिरची आहे. पण सावतोबांची समाधि १२९५ ची. तेव्हां तो शब्द मागाहून शिरला असावा, किंवा त्याचा मूळ अर्थ निराळा असावा. इतकी ती घरची झाली. थंडी मात्र तिच्या अंगवळणीं पडली नाहीं. नाशिकास पौषांत पारा दहा अंशांखालीं उतरतो, निफाडास त्याहूनही खालीं. तेथील बागाइतदार द्राक्षें वांचविण्यासाठीं रात्र रात्र शेकोट्या पेटवितात. त्या शेकोट्यांविषयीं कोणी तत्त्वचर्चा करीत नाहीं, कारण त्या बागांवर संसार चालतात. आमच्या रोपावर कांहींच चालत नव्हतें. दहा रुपयांच्या मिरच्या कोपर्‍यावरच्या भाजीवाल्याकडे मिळतात.

तरी आम्ही त्याच्या सेवेंत गुंतलों. फांद्या निम्म्यानें छाटल्या, माती सुकेल तेव्हांच पाणी दिलें, दक्षिणायनांत खिडकींतून आंत येणार्‍या उन्हाकडे कुंडी फिरवीत राहिलों. बाहेर ढालकिडे मावा खाऊन टाकतात; घरांत तो मोकाट वाढला, तेव्हां साबणाच्या पाण्यानें एकेक पान पुसलें. दोन महिने नवें पान म्हणून फुटलें नाहीं. पहांटे उठल्यावर प्रथम दर्शन त्या काटक्यांचें !

हें पाहून एका स्नेह्यांनीं विचारलें, “प्रोफेसरसाहेब, जडभरत आठवतो ना ?” आठवत होता. राज्य टाकून गंडकीतीरीं तप करणार्‍या भरतानें, सिंहाच्या भयानें उडी घेतलेल्या हरिणीचें प्रवाहांत पडलेलें पाडस उचललें, वाढविलें, आणि मरतांना त्याचेंच चिंतन केल्यामुळें त्यास हरिणाचा जन्म आला. भागवतांतील ही कथा आसक्तीचा धडा म्हणून सांगतात. परंतु भरताची चूक नेमकी कोणती ? पाण्यांतून पाडस काढणें ही चूक असेल, तर असल्या वैराग्यास दुरूनच नमस्कार करावा.

आमच्या मतें येथें दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जमिनींतल्या झाडाला मुळें पसरावयास धरणी असते. कुंडींतल्या झाडाची धरणी आम्हींच वीतभर केलेली असते. ज्यानें दुसर्‍यास परावलंबी केलें त्याच्यावर त्याचें ऋण आहे. तें ऋण दयेचें नव्हे, न्यायाचें आहे. पाण्यांत बुडणार्‍या पाडसाच्या बाबतींत त्या क्षणीं दुसरा कोणी तेथें नव्हता, म्हणून तें भरताकडे आलें. पण पाडसाचा हरीण झाला, रानांत चरूं लागला, तरी तो क्षणभर दिसेनासा होतांच राजा व्याकुळ होई. कर्तव्य केव्हांच संपलें होतें. त्याचीं वस्त्रें पांघरून ममता तेवढी उरली होती. कर्तव्याला शेवट असतो, ममतेला तो नकोसा वाटतो. दोहोंची ओळख पटविण्याची याहून सोपी खूण आम्हांस सांपडलेली नाहीं.

ही खूण दुसर्‍यांस सांगण्याआधीं आम्हांसच लागू पडली. फाल्गुनांत ऊब आली. रोप बाहेर नेणें अवश्य होतें. आम्हीं पंधरा दिवस सबबी काढल्या. ऊन कडक आहे, वारा सुटला आहे. आणि एके दिवशीं आमचेच शब्द ओळखीचे वाटले. भाद्रपदांत मातोश्रींनीं अंगणांत बसवा म्हणून कितीदां विनविलें होतें. पावसाळी वारा बाधेल म्हणून आम्हीं त्यांस खोलींतच ठेवलें. वैद्यकीय सल्ला तसा होता, हें खरें. पण त्या सल्ल्याआड आमचें स्वतःचें भय किती होतें, याचा हिशेब आम्हीं तेव्हां केला नव्हता. जें त्यांच्यासाठीं म्हणून केलें त्यांतलें बरेंच आमच्यासाठीं होतें.

दुसर्‍या दिवसापासून कुंडी रोज थोडा थोडा वेळ अंगणांत ठेवूं लागलों. कांहीं पानें उन्हानें करपलीं, पण चैत्रांत नवी पालवी फुटली. यावरून आमचा सिद्धान्त खरा ठरतो असें मुळींच नाहीं. रोप मेलें असतें तरी तें बाहेर नेणेंच योग्य होतें. ज्येष्ठांत एका बुलबुलानें पिकलेली मिरची उचलून नेली. पक्ष्यांस मिरचीचा तिखटपणा जाणवत नाहीं, आणि बीं त्यांच्या पोटांतून शाबूत बाहेर पडतें. रानांत मिरची पसरते ती अशीच. तें बीं कोठें पडलें असेल, हें पाहावयास आम्ही गेलों नाहीं.