मनाची जवळची वाट आणि चवदार तळे

प्रत्येक निर्णयापूर्वी सगळे पुरावे तपासून पाहणे माणसाला शक्य नसते. वेळ, माहिती आणि लक्ष ही तिन्ही अपुरी असतात, म्हणून मन जवळची वाट धरते. जे चटकन आठवते ते वारंवार घडते असे वाटते. जे ओळखीच्या साच्यात बसते ते खरे वाटते. जे आधीपासून चालत आले ते योग्य वाटते. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात अशा काही वाटांची मांडणी केली. त्या बहुधा उपयोगी पडतात, पण काही ठरावीक ठिकाणी ठरावीक प्रकारे चुकवतात, हे त्यांच्या विवेचनाचे सार. अशा चुकीची नैतिक जबाबदारी कोणावर, हा त्यातून उभा राहणारा तात्त्विक प्रश्न आहे.

चुकीचा भार कोणावर पडतो, यावरून तिचे दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात चुकणाराच भोगतो. डोंगराच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या दरड आली नसेल, तर ती येणारच नाही असे अनुमान कोणत्याही वस्तीत सहज रुजते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई व दासगाव येथे आणि जुलै २०२१ मध्ये महाडमधील तळिये, पोलादपूरमधील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडींनी माणसे गाडली. असे अनुमान अनुभव मोडून काढतो, पण त्याची किंमत भयंकर असते.

दुसऱ्या प्रकारात चूक एकाची आणि भोग दुसऱ्याचा. महाडचे चवदार तळे हे त्याचे ठळक उदाहरण. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रा. ब. सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे ठरवले, तरी प्रत्यक्षात काही बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जमावाने प्रतिनिधींवर हल्ला केला. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

या घटनाक्रमात मनाच्या तीन सवयी दिसतात. स्पर्शातून न दिसणारा दोष पसरतो असे मानणे, ही पहिली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांच्या प्रयोगांनी ती सुशिक्षितांतही आढळते हे दाखवले आहे. भीतीशी जुळणारी बातमी पडताळणीवाचून खरी मानणे, ही दुसरी. जुने तेच न्याय्य मानणे, ही तिसरी.

या विचारांची परीक्षा करण्याचे साधन भारतीय परंपरेतच आहे. न्यायदर्शनानुसार हेतू (अनुमानाला दिलेले कारण) आणि साध्य (जे सिद्ध करायचे ते) यांचे साहचर्य कुठेही भंगता कामा नये. ते एका ठिकाणी जरी भंगले तरी हेतू ‘सव्यभिचार’, म्हणजे सदोष, ठरतो. तळ्याचे पाणी मुसलमान भरत होते, गुरे पीत होती. म्हणजे ‘सवर्ण हिंदूंखेरीज इतरांच्या स्पर्शाने पाणी विटाळते’ हे अनुमान तळ्याच्या काठावरच मोडत होते. जुनेपणाचा हेतूही तसाच. तो चांगल्या चालीत असतो आणि वाईट चालीतही, म्हणून त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कालामांना केलेल्या उपदेशात बुद्धानेही केवळ परंपरा, ऐकीव गोष्ट किंवा ग्रंथ यांच्या आधारावर काही स्वीकारू नये असे सांगितले.

तरीही चूक टिकली, कारण ती धरून ठेवणाऱ्यांना तिची झळ बसत नव्हती. उलट प्रतिष्ठा मिळत होती. म्हणून अस्पृश्यतेला केवळ मनाचा दोष म्हणणे अपुरे आहे. समजूत कशी रुजते हे मानसशास्त्र सांगते; ती सोडण्यास नकार का मिळतो, हे हितसंबंध आणि सत्ता यांवरून कळते. परंपरेला धर्माचे पाठबळ मिळाले की शंकाच पाप ठरते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झालेल्या मनुस्मृतीच्या दहनाचा रोख याच पाठबळावर होता.

अशा चुकीला अनुभव सुधारत नाही, म्हणून बाहेरून पुरावा मागावा लागतो. काही सवर्णांनी तळ्यावरील आपला अनन्य हक्क अनादी रूढीवर आधारून डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय दिला. गृहीत धरलेल्या गोष्टीला न्यायालयात प्रमाण द्यावे लागले आणि ते देता आले नाही.

यावरून जबाबदारीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पहिला ग्रह मनात आपोआप उठतो. त्याबद्दल माणसाला दोषी धरता येत नाही. पण त्याचा भार दुसऱ्यावर पडतो हे कळल्यावर, आणि विरुद्ध पुरावा समोर असताना, तो तपासण्यास नकार देणे ही निवड असते. दोष त्या निवडीचा असतो.