पदकतालिकेत न मावणारी मार्तिना

प्रत्येक ऑलिंपिकनंतर आपल्याकडे एक तक्ता हमखास फिरतो. एका रकान्यात देशाची लोकसंख्या, दुसऱ्यात पदकं, आणि तिसऱ्यात दोन्हींचा भागाकार. पॅरिसनंतरही तो फिरला. आपली सहा पदकं, सुवर्ण एकही नाही, लोकसंख्या 140 कोटी. मग ज्यांची सगळी वस्ती मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आहे असे देश वर चढतात आणि लेखांचे मथळे ठरतात: छोट्या देशांकडून शिका, त्यांची व्यवस्था पाहा, त्यांची जिद्द पाहा. या लेखनाचा मला मनापासून राग आहे. त्यात आपल्यावर टीका असते हे त्याचं कारण नव्हे, ती झालीच पाहिजे. राग याचा, की हा भागाकार मांडणाऱ्याने त्या छोट्या देशातल्या एकाही खेळाडूचं आयुष्य नीट वाचलेलं नसतं. म्हणून असाच एक छोटा देश घेतो, स्लोव्हाकिया, आणि त्यातली एकच जलतरणपटू, मार्तिना मोरावत्सोवा.

तक्त्यात ती कशी दिसते? सिडनी 2000, दोन रौप्यपदकं: 100 मीटर बटरफ्लाय आणि 200 मीटर फ्रीस्टाइल. स्लोव्हाकियाला जलतरणात मिळालेली ऑलिंपिक पदकं एवढीच. तिच्या आधी नाही, तिच्यानंतर नाही. आता ही पदकं ज्या 'व्यवस्थे'ने दिली ती शोधायला निघालो तर काय सापडतं?

ती 1976 साली पिएश्त्यानीत जन्मली. वाह नदीकाठचं हे गाव गरम झऱ्यांसाठी आणि औषधी चिखलासाठी युरोपभर प्रसिद्ध आहे. कुबड्या मोडणाऱ्या माणसाचा पुतळा हीच गावाची ओळख. तेव्हा देश चेकोस्लोव्हाकिया होता आणि सत्ता साम्यवादी पक्षाची होती. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ती 16 वर्षांची होती आणि पोहली चेकोस्लोव्हाकियासाठी. पुढच्या 1 जानेवारीला तो देशच उरला नाही. अटलांटाला ती स्लोव्हाकियाची म्हणून गेली. मधल्या काळात तिने डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात प्रवेश घेतला, तिथेच शिकली, पोहली, अमेरिकी विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेतेपदं मिळवली. म्हणजे बालपण एका देशाचं, झेंडा दुसऱ्याचा, तलाव तिसऱ्याचा. भागाकारात लोकसंख्या कोणाची धरायची?

इथे मार्सेल गेरीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तोही पश्चिम स्लोव्हाकियातलाच, बटरफ्लायचाच जलतरणपटू, तिच्या आधीच्या पिढीतला. साम्यवादी राजवट असताना तो देशातून निसटला आणि कॅनडाचा झाला. 1992 च्या बार्सिलोनातच, जिथे 16 वर्षांची मार्तिना पहिल्यांदा उतरली, त्याने कॅनडाच्या मिडले रिले संघातून ब्राँझ मिळवलं. तक्त्यात ते पदक कॅनडाच्या नावावर आहे. काही वर्षांच्या अंतराने जन्मलेली तीच गुणवत्ता विमानाचं तिकीट काढून डॅलसला जाऊ शकली आणि सुट्टीत घरी परत येऊ शकली, म्हणून तिची पदकं स्लोव्हाकियाची झाली. हा फरक 1989 च्या नोव्हेंबरमध्ये प्रागच्या आणि ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यांवर साम्यवादी राजवटीविरुद्ध उतरलेल्या लोकांनी घडवला. कोणत्याही जलतरण महासंघाने नाही.

आता त्या दोन रौप्यांकडे येतो, कारण 'सुवर्ण का नाही' हा प्रश्न विचारणारेही याच तक्त्याचे भक्त असतात.

19 सप्टेंबर 2000. 200 मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत. ऑस्ट्रेलियाची सुझी ओनील 1 मिनिट 58.24 सेकंद, मोरावत्सोवा 1 मिनिट 58.32. आठ शतांश सेकंद. या वेगाने पोहणारं शरीर तेवढ्या वेळात साधारण तेरा-चौदा सेंटिमीटर पुढे जातं. एका तळहाताहून थोडं कमी.

हे अंतर समजून घ्यायचं तर 1972 च्या म्युनिकपर्यंत मागे जावं लागेल. तिथे 400 मीटर मिडलेमध्ये स्वीडनच्या गुन्नार लार्सनने अमेरिकेच्या टिम मॅकीला हरवलं ते एका सेकंदाच्या हजार भागांपैकी दोन भागांनी: 4:31.981 विरुद्ध 4:31.983. यंत्र खरं बोलत होतं. तरीही त्या निकालानंतर जलतरणाने सहस्रांश मोजणं सोडून दिलं, आणि त्याचं कारण पाण्यात नाही, सिमेंटात आहे. कोणताही तलाव प्रत्येक लेनमध्ये अगदी तंतोतंत 50 मीटर बांधता येत नाही. सिडनीच्या काळात नियम स्वतःच 3 सेंटिमीटरपर्यंत जास्त लांबीची मुभा देत होता. म्हणजे शेजारच्या दोन लेनमध्ये नियमात बसणारा फरकही सहस्रांश सेकंदापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. म्हणून शंभराव्या भागापर्यंत मोजायचं, आणि तिथे बरोबरी झाली तर दोघांनाही पदक द्यायचं. सिडनीच्या त्याच तलावात 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण गॅरी हॉल आणि अँथनी अर्विन या दोघांना मिळालं, दोघांचीही वेळ 21.98.

200 मीटर म्हणजे चार फेऱ्या. तीन सेंटिमीटरची मुभा चार वेळा घेतली तर बारा सेंटिमीटर होतात. सिडनीचा तलाव चुकीचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. ओनील जिंकली आणि स्वच्छ जिंकली. म्हणायचं आहे ते एवढंच, की सुवर्ण आणि रौप्य यांमधलं अंतर इथे नियमाने मान्य केलेल्या बांधकामाच्या मुभेच्या आसपास होतं. या अंतरावर राष्ट्रीय चारित्र्याचे सिद्धांत उभारणाऱ्याला माप म्हणजे काय हेच कळलेलं नाही. आणि ओनीलचं काय झालं? दुसऱ्याच दिवशी 200 मीटर बटरफ्लायमध्ये, जी तिची खास शर्यत मानली जात होती आणि जिच्यात ती 1996 ची विजेती होती, ती मिस्टी हायमनकडून हरली.

मोरावत्सोवाची खरी सत्ता होती ती 25 मीटरच्या तलावात, ज्याला शॉर्ट कोर्स म्हणतात. जागतिक आणि युरोपियन शॉर्ट कोर्स स्पर्धांमध्ये तिने सुवर्णांमागून सुवर्णं घेतली. 100 मीटर बटरफ्लाय आणि 100 मीटर मिडले या दोन्हींचे विश्वविक्रम तिच्या नावावर होते. ऑलिंपिकमध्ये किंवा 50 मीटरच्या जागतिक स्पर्धेत मात्र सुवर्ण एकदाही नाही. म्हणून तिचं वर्णन 'छोट्या तलावाची राणी' असं होतं, आणि त्या 'छोट्या'त एक तिरस्कार असतो.

या तिरस्काराला उत्तर देणं अवघड नाही. 50 मीटर ही लांबी आकाशातून पडलेली नाही. 1896 मध्ये अथेन्सला जलतरण समुद्रात झालं, 1900 मध्ये पॅरिसला सेन नदीत, 1908 मध्ये लंडनच्या स्टेडियममध्ये 100 मीटर लांबीच्या तलावात. 50 मीटरचा लेन आखलेला तलाव आला तो 1924 साली. मग एका समितीने ठरवलेल्या लांबीत जिंकलेलं खरं आणि दुसऱ्या लांबीत जिंकलेलं दुय्यम, असं का? दोन्ही सुवर्णं सारखीच धरा, तिची सगळी पदकं मोजा, आणि तिला तिच्या जागी बसवा.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी याच निष्कर्षाकडे निघालो होतो. पण सिडनीतलीच 100 मीटर बटरफ्लायची शर्यत आडवी येते. नेदरलँड्सची इंगे द ब्राउन 56.61 या विश्वविक्रमी वेळेत आली, मोरावत्सोवा 57.97. हे अंतर 1.36 सेकंदांचं, दोन मीटरहून जास्त. बांधकामाची कोणतीही मुभा ते भरून काढत नाही. लांब तलाव काहीतरी वेगळं मागतो, आणि ते काय हे मोजता येतं. 1998 पासून बटरफ्लायमध्ये उडीनंतर आणि प्रत्येक वळणानंतर 15 मीटरपर्यंतच पाण्याखाली राहता येतं. लांब तलावातल्या 100 मीटरमध्ये एक उडी, एक वळण: जास्तीत जास्त 30 मीटर पाण्याखाली. छोट्या तलावात एक उडी, तीन वळणं: 60 मीटर. म्हणजे तिथे अर्ध्याहून अधिक शर्यत पृष्ठभागाखाली आणि भिंतीच्या धक्क्यावर जिंकता येते. लांब तलावात थकलेल्या हातांना मोकळ्या पाण्यात एकट्याने पुढे जावं लागतं, भिंत लवकर येत नाही. हे दोन खेळ आहेत.

तेव्हा 'सगळी पदकं सारखी मोजा' ही माझी मागणी मी मागे घेतो, कारण तीही तक्त्याचीच मागणी आहे. तिच्यात फक्त एक रकाना वाढतो. दोन खेळांमधलं प्रावीण्य एका बेरजेत घालण्याचा हट्टच सोडायला हवा. तो सोडला की सिडनीचं फ्रीस्टाइलचं रौप्य वेगळं दिसू लागतं. वळणांच्या खेळातली जगज्जेती वळणं कमी असलेल्या खेळात उतरली, तीही 200 मीटरला, आणि तळहाताच्या अंतरावर राहिली. बटरफ्लाय, फ्रीस्टाइल आणि मिडले या तिन्हींत जगाच्या पहिल्या रांगेत असणं हे मला एखाद्या सुवर्णापेक्षा दुर्मीळ वाटतं.

बीजिंग 2008 हे तिचं पाचवं ऑलिंपिक होतं, वय 32. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचा वीरधवल खाडे उतरला, वय 16. बार्सिलोनात ती होती तेवढाच. दोन वर्षांनी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ मिळवलं. खजान सिंगच्या 1986 च्या रौप्यानंतर 24 वर्षांनी भारताला जलतरणात आलेलं ते आशियाई पदक. पण 50 मीटर बटरफ्लाय ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. त्यामुळे जगाच्या तक्त्यात तो कुठेच नाही. 2025 साली निर्णय झाला, की 2028 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये ही शर्यत असेल. मोरावत्सोवाची 100 मीटर मिडले तेव्हाही नसेल. दर 25 मीटरला शैली बदलायची ती शर्यत लांब तलावात भरवताच येत नाही.

लॉस एंजलिसनंतर भागाकार पुन्हा छापला जाईल. तो छापणाऱ्या संपादकांना माझी विनंती आहे, की त्याच पानावर आणखी एक आकडा द्यावा: आपल्या जिल्ह्यात बारा महिने पाणी असलेले आणि पगारी प्रशिक्षक असलेले तलाव किती, आणि त्यांतल्या किती तलावांत पंधरा वर्षांच्या मुलीला पहाटे पाच वाजता प्रवेश मिळतो.