दोष कणाचा की द्रवाचा?

प्रत्येक आकडा खरा असूनही साक्ष खोटी ठरू शकते काय? हा प्रश्न न्यायालयापुरता मर्यादित नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतही तो उभा राहतो.

सोने व चांदी यांच्या मिश्रधातूचे अतिसूक्ष्म कण पेशींवर तपासावयाचे झाल्यास प्रथम ते द्रवात विखुरलेले ठेवावे लागतात. हे कण मीटरच्या अब्जांश भागांत मोजले जातात. साखरेसारखे ते विरघळत नाहीत. परस्परांना दूर लोटणाऱ्या समान विद्युतभारामुळे ते सुटे राहतात. द्रवात मीठ पडले की त्या भाराचा प्रभाव ओसरतो आणि कणांच्या गुठळ्या होतात. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याच्या कणांचे माणकासारखे लाल पाणी मिठाने निळे होत असल्याचे नोंदविले, त्याचे कारण हेच. पेशी तर खारट द्रवातच जगतात!

म्हणून कणांवर रक्षक आवरण चढवितात. सोन्याच्या दांडीसारख्या कणांसाठी ‘सीटॅब’ हे साबणाच्या जातीचे रसायन वापरले जाते. ते कणांना सांभाळते, पण मोकळे राहिल्यास पेशींना मारते. धुऊन काढावे, तर अति धुण्याने पुन्हा गुठळ्या होतात. मिश्रधातूत चांदी असेल, तर तिचे विद्युतभारित अणू द्रवात उतरून पेशींना अपाय करू शकतात. मग पेशी मेल्या, तर दोष कोणाचा? कणाचा, चांदीचा, रक्षक रसायनाचा, की पेशींवर बसलेल्या गुठळ्यांचा?

याची शहानिशा करण्याचा मार्ग साधा आहे. वेगाने फिरवून कण तळाशी बसवावेत आणि वरचा निव्वळ द्रव वेगळ्या पेशींना द्यावा. त्याही मेल्या, तर एकट्या कणाला दोषी धरता येणार नाही.

कोणी म्हणेल, ही तपासणी वगळली म्हणून असत्य कोठे झाले? मेलेल्या पेशींची मोजणी तर अचूकच आहे. आमच्या मते असत्य मोजणीत नसून, जे विचारावयास हवे होते ते न विचारण्यात आहे. कर्करोगाच्या पेशी मेल्या म्हणून कणाचा गौरव झाला, आणि वस्तुतः त्या रसायनाने मारल्या असतील, तर त्या गौरवावर उद्या एखादा रुग्ण आपली आशा बांधील. निर्दोषाला दोष देणे हा जसा अन्याय, तसेच न केलेल्या कार्याचे श्रेय देणे हाही अन्यायच होय.

सत्यनिष्ठा म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे. आपल्या आवडत्या निष्कर्षाला बाधक ठरू शकेल असा साक्षीदार स्वतःहून बोलावणे, हीच तिची खरी कसोटी होय.