आरक्षण उठवा, असं कोण म्हणालं?

विकास आराखड्यात फेरबदल करायचा झाला की जाहीर सूचना निघते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार हरकती आणि सूचनांसाठी एक महिना मिळतो. हरकत घेणारा नागरिक नाव-पत्ता लिहून सहीनिशी अर्ज देतो, रजा टाकून सुनावणीला जातो, अधिकाऱ्यासमोर उभं राहून बोलतो. शाळेची, बागेची, दवाखान्याची जागा राहू द्या म्हणणारा माणूस असा सगळ्यांसमोर येतो. ते आरक्षण उठवा असं ज्याने सांगितलं, त्याचं नाव मात्र सूचनेत सहसा नसतं. त्याने कधी सांगितलं, कोणत्या दालनात, कोणाला सोबत घेऊन, यातलं काहीच त्या कागदावरून कळत नाही. जमिनीच्या कारभारातला भ्रष्टाचार म्हटलं की आपण पैशाची देवघेव शोधतो. मला त्याचं मूळ या झाकलेल्या मागणीत दिसतं.

पुण्यात एरंडवण्याला, प्रभात रस्त्याजवळ, एक भूखंड १९८७ च्या आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी राखीव होता. युतीचं सरकार आल्यावर त्यावरचं आरक्षण उठलं आणि तिथे दहा मजली इमारत उभी राहिली. विकासक तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांचे जावई होते. प्रकरण याचिकांमधून उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी १९९९ मध्ये जोशींनी पद सोडलं, मार्चमध्ये उच्च न्यायालयाने आरक्षण उठवण्याचा निर्णय बेकायदा ठरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं ते ऑक्टोबर २०११ मध्ये. मधल्या साडेबारा वर्षांत त्या शाळेत पहिलीला बसू शकली असती ती मुलं कॉलेजात पोचली.

ते निकालपत्र नगररचनेत रस असलेल्या प्रत्येकाने वाचावं. मंत्रालयातून विचारणा होते, महापालिका अभिप्राय देते, पुन्हा पत्र येतं, नस्तीवर शेरे चढत जातात. न्यायाधीशांना सगळा प्रवास या टिप्पण्यांवरून जुळवावा लागला. तेव्हा माहितीचा अधिकार नव्हता; नस्ती उजेडात आली ती न्यायालयामुळे. २००५ नंतर नागरिक स्वतः टिप्पण्या मागू शकतो, पण बहुधा फेरबदल होऊन गेल्यावर, आणि टिप्पणीत फक्त लिहिलेलंच सापडतं. दालनातल्या भेटीची नोंद ठेवण्याचं बंधन कोणावर नसेल, तर माहिती अधिकाऱ्याने देण्यासारखं काही उरतच नाही. त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं व्यक्तिगत माहितीचं कलम आणखी आवळलं आहे. जमिनीचा वापर बदलून मागणाऱ्या विकासकाचं नाव उद्या 'व्यक्तिगत' ठरवून नाकारलं जाईल, ही भीती मला खरी वाटते.

आयर्लंडने हेच दुखणं फार महाग पडल्यावर ओळखलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डब्लिन परगण्यातले नगरसेवक नगररचनाकारांचा सल्ला डावलून शेतजमिनीचा झोन बदलणारे ठराव मंजूर करत होते. १९९७ मध्ये चौकशी आयोग बसला. सरकारचा एकेकाळचा माध्यमसचिव आणि नंतर विकासकांसाठी काम करणारा लॉबिस्ट फ्रँक डनलॉप याने २००० मध्ये आयोगासमोर नगरसेवकांना पैसे दिल्याची कबुली दिली. पश्चिम डब्लिनमधल्या क्वारीव्हेलच्या जमिनीचा वापर बदलून घेण्याचा व्यवहार त्यातलाच. डनलॉप २००९ मध्ये तुरुंगात गेला, आणि आयोगाचा अंतिम अहवाल आला २०१२ मध्ये, नेमणुकीनंतर पंधरा वर्षांनी. २०१५ मध्ये लॉबिंग नियमनाचा कायदा झाला.

त्या कायद्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. इतर विषयांत नोंदणीचं बंधन ठरावीक आकाराच्या कंपन्या, संघटना आणि पैसे घेऊन रदबदली करणाऱ्यांवर आहे. जमिनीचा विकास किंवा झोन हा विषय असेल तर मात्र कोणतीही व्यक्ती त्यात येते. मंत्री, खासदार, नगरसेवक किंवा वरिष्ठ अधिकारी यांच्याशी बोलणं झालं की कोणाशी, कशाबद्दल आणि कोणत्या हेतूने, हे दर चार महिन्यांनी नोंदवायचं. नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. स्वतःच्या राहत्या घरासाठी बोलणाऱ्याला सूट आहे.

ही सूट महत्त्वाची, कारण मागणी करणं हा गुन्हा नाही. आपल्याकडे आरक्षणाखाली वर्षानुवर्षं अडकलेल्या, ना विकता येणाऱ्या ना बांधता येणाऱ्या जमिनींचे मालक आहेत, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर नोटीस देण्याचा हक्क कलम १२७ त्यांना देतं. हा मार्ग उघड आहे, त्यात अर्जदाराचं नाव असतं, आणि त्यामुळे कोणाचंही नुकसान होत नाही. दोन गुंठ्यांच्या मालकाला जे लागू, ते शेकडो एकरांचा झोन बदलून मागणाऱ्याला का नको?

भारतात लॉबिंगचा कायदा नाही. उमेदवार प्रतिज्ञापत्रात जमिनी जाहीर करतात, पण निवडणुकीपुरत्या. मधल्या पाच वर्षांत नियोजित रस्त्याकडेला घेतलेला सर्व्हे नंबर त्यात दिसत नाही. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे, पण ती कायदा नाही, आणि हितसंबंध कळवायचे ते वरिष्ठांना, जनतेला नव्हे. नगरविकास खातं तर अनेक वर्षं बहुधा मुख्यमंत्र्यांकडेच होतं. म्हणून नातलगाचा किंवा भागीदाराचा विषय असलेली नस्ती संबंधित मंत्र्यापुढे जाऊच नये, ती कोणाकडे जाईल हे आधीच ठरलेलं असावं आणि मंत्र्याने बाजूला झाल्याची नोंद जाहीर व्हावी, हे कायद्यातच लिहावं लागेल.

तो कायदा होईपर्यंत थांबायचं कारण नाही. माहिती अधिकाराचं कलम ४ सरकारला स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगतंच. कलम ३७ च्या सूचनेसोबत मूळ मागणीचा अर्ज, त्याची तारीख, अर्जदार कंपनीचे संचालक किंवा भागीदार आणि त्या विषयावर झालेल्या भेटींची यादी जोडण्याचा शासन निर्णय नगरविकास विभागाला काढता येईल. शासनानेच स्वतःहून बदल सुचवला असेल तर तसं लिहावं आणि तो कोणाच्या टिप्पणीवरून सुचला तेही. मग हरकतींच्या त्या महिन्यात नागरिकाला नकाशातल्या बदललेल्या रंगावर तर्क करत बसावं लागणार नाही. मागणाऱ्याने दिलेलं कारण वाचून, त्या कारणालाच तो सुनावणीत उत्तर देऊ शकेल.